बादलीतला डेटा आणि पानांची संख्या

परदेशात आयटीत काम करणाऱ्यांना भारतातल्या नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो, 'तू नक्की करतेस काय?' आमच्या सांगलीच्या घरी 'सॉफ्टवेअर' या एका शब्दावर बरीच वर्षं भागलं. पण आता भाचे-पुतणे स्वतःच कॉम्प्युटर शिकायला लागलेत, त्यामुळे मोघम उत्तर चालत नाही. म्हणून एकदा सविस्तर सांगते. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. दुकानांच्या आणि गोदामांच्या हिशेबाच्या फाइल्स क्लाउडमध्ये जिथे साठवलेल्या असतात, तिथून त्या आलेख-तक्ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडून देणं हे माझं काम. एका टोकाला साठा, दुसऱ्या टोकाला साहेबांच्या स्क्रीनवरचा डॅशबोर्ड, आणि मधली पाइपलाइन आमची. मी गमतीने स्वतःला प्लंबर म्हणते. आईला ते अजिबात आवडत नाही.

आधी साठ्याबद्दल. 'क्लाउड' म्हटलं की वर कुठेतरी, असं लोकांच्या मनात येतं. प्रत्यक्षात ती जमिनीवरचीच इमारत असते, वीज खाणारी आणि सतत थंड ठेवावी लागणारी. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू झालं, लंडनचं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या यादीत 'सेंट्रल इंडिया' नावाचं जे केंद्र दिसतं ते २०१५ पासून चक्क पुण्यात आहे. पुण्याला भारताचं केंद्र ठरवल्याबद्दल पुणेकरांना फारसं आश्चर्य वाटणार नाही.

ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये जी साठवणीची सेवा सुरू केली तिचं नाव 'सिंपल स्टोरेज सर्व्हिस'. तीन एस, म्हणून एस-थ्री. तिच्यात फाइल्स ज्यात ठेवायच्या त्याला 'बकेट' म्हणतात, म्हणजे सरळ बादली. उपमा अगदी चपखल आहे. बादलीत काहीही टाकता येतं. बिलं, फोटो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळं. पण बादलीला 'मागच्या शनिवारी दूध किती विकलं गेलं?' असं विचारून उत्तर मिळत नाही. ते विचारायला वर दुसरं काहीतरी लागतं.

माझ्या कामात ते दुसरं काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय. त्यात 'गेट डेटा' असं एक बटण आहे. दाबलं की कुठून डेटा आणू, याची लांबलचक यादी उघडते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साठवणी त्या यादीत समोरच दिसतात. एस-थ्रीसाठी आम्ही वळसा घालून जातो, ॲमेझॉनच्याच 'अथेना' नावाच्या सेवेमार्गे. अथेना बादलीतल्या फाइल्स जागच्या न हलवता त्यांच्यावर प्रश्न विचारू देते. अमुक रकान्यात तारीख, अमुक रकान्यात रक्कम, एवढं एकदा तिला सांगून ठेवायचं. मग पॉवर बीआय अथेनाला विचारतं, अथेना बादलीत हात घालते आणि उत्तर वर येतं.

यात पैसे कशाचे लागतात, हे समजायला किराणा दुकानाची खतावणी डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत तारीख, गिऱ्हाईक, माल, वजन, रक्कम. महिन्याची नुसती रक्कम बेरजेला हवी असली तरी प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जावं लागतं. साध्या सीएसव्ही फाइलचं असंच असतं. 'पार्के' नावाचा दुसरा एक प्रकार २०१३ मध्ये आला. त्यात एकेक रकाना वेगळा बांधलेला असतो, रकमेचा गठ्ठा हवा तर तेवढाच उचलायचा. अथेना एक टेराबाइट चाळायला साधारण पाच डॉलर घेते. दिवसातून आठ वेळा ताजा होणारा रिपोर्ट सीएसव्हीवर बांधला तर तोच ढीग आठ वेळा चाळला जातो आणि महिन्याअखेरीला बिल बघून कोणीतरी मीटिंग बोलावतं. फाइल्स पार्केमध्ये बदलल्या आणि तारखेनुसार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या की ते बिल पार खाली येतं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात सोपा पराक्रम, आणि कौतुक मात्र यालाच मिळतं.

खरं सांगायचं तर नुसती जोडणी एका दुपारचं काम आहे. यूट्यूब बघून कोणीही करील. पुढचे तीन महिने जातात ते 'दिवस' म्हणजे काय, यावर.

एक उदाहरण देते. इथल्या एका दुकानांच्या साखळीच्या बिलांवर वेळ पडायची ती यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची प्रमाणवेळ. हिवाळ्यात ब्रिटनचं घड्याळ तेच असतं, त्यामुळे सगळं बरोबर दिसायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास पुढे जातं. बिलं मात्र यूटीसीतच राहिली. मग डॅशबोर्डवर संध्याकाळी पाच ते सहाची गर्दी चार ते पाचला दिसायला लागली. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्यामुळे तिकडच्या टीमला यात काही खटकण्याचं कारण नव्हतं. इथे आलेख छान होता, रंगही छान होते. फक्त त्या आलेखावरून काउंटरवरच्या लोकांच्या पाळ्या लागत होत्या.

आता हे काउंटरवरचे लोक कोण? इथल्या अशा दुकानांत मास्टर्सला आलेली आपली मुलंमुली बरीच दिसतात. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यामुळे एकेक तास मोजून घेतलेला असतो. गर्दी चारला दिसते म्हणून पाळी चारला सुरू होऊन पाचला संपवली, तर खऱ्या गर्दीला दोन माणसं कमी आणि त्यांच्यासमोर वैतागलेली रांग. 'मशीन काहीही म्हणू दे, सहापर्यंत रांग दारापर्यंत असते,' हे त्या दुकानाच्या मॅनेजरबाईंनी दोनदा ईमेलने कळवलं होतं. मुख्य कार्यालयात ते 'फीडबॅक' या फोल्डरमध्ये गेलं. शेवटी आमच्याकडे आलं तेव्हा दुरुस्ती होती एका ओळीची.

तारखांचंही असंच. ब्रिटनमध्ये आणि भारतात आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. फाइल ०३/०४ अशी आली आणि सॉफ्टवेअरची भाषा अमेरिकन ठेवलेली असली, की तीन एप्रिलचा चार मार्च होतो. तेरा तारखेपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे एरर येतो, म्हणजे निदान कळतं तरी. पहिल्या बारा तारखा मात्र निमूटपणे इकडच्या तिकडे जातात. बंद पडलेल्या डॅशबोर्डची मला भीती वाटत नाही, त्याचा फोन पाच मिनिटांत येतो. भीती वाटते ती परवाचा आकडा आजचा म्हणून दाखवत राहणाऱ्याची. म्हणून माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर 'डेटा शेवटचा कधी आला' हे मोठ्या अक्षरांत असतं. डिझाइनवाल्यांना ते कुरूप वाटतं, वाटू दे.

हा फक्त दुकानदारीचा विषय नाही, हे ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी २०२० मध्ये पाहिलं आहे. कोविडच्या काळात खासगी प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइल्समध्ये पाठवत. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था ते गोळा करून एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरायची, आणि तिथून ते मध्यवर्ती यंत्रणेत आणि डॅशबोर्डवर जायचे. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलमध्ये साधारण १,४०० रुग्ण मावत. उरलेले गळून जात. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधितांच्या नोंदी अशा गळल्या. त्या लोकांना स्वतःचा निकाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम उशिरा सुरू झालं. डॅशबोर्डवरची रेषा त्या आठवड्यात दिसायला हवी होती त्यापेक्षा शांत होती. विशेष म्हणजे दहा लाखांहून जास्त ओळी घेणारा नवा प्रकार २००७ पासून उपलब्ध होता.

आता मंडळाकडे येते, कारण माझ्या मते वाचकांपैकी बहुतेकांचा या विषयाशी संबंध ऑफिसपेक्षा तिथेच येतो. परदेशातलं कुठलंही महाराष्ट्र मंडळ घ्या, सगळा कारभार गुगल फॉर्म, गुगल शीट आणि व्हॉट्सॲप या तीन खांबांवर उभा असतो. गुगल ड्राइव्ह म्हणजेही क्लाउडच, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही.

गेल्या वर्षी आमच्या इथल्या गणेशोत्सवासाठी असाच फॉर्म निघाला. नाव, फोन, मोठी माणसं किती, मुलं किती, मुलांची नावं, काही ॲलर्जी. महाप्रसाद एका शाळेच्या हॉलमध्ये होता आणि आगीच्या नियमांप्रमाणे त्या हॉलची मर्यादा चारशे माणसांची. सेक्रेटरींच्या मनात आलं, या वर्षी डॅशबोर्ड करू. कमिटीतल्या एका उत्साही मुलाने अर्ध्या तासात ती शीट 'लुकर स्टुडिओ'ला जोडून दिली. हे गुगलचंच, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, २०२२ पर्यंत त्याचं नाव 'डेटा स्टुडिओ' होतं. शीट निवडा, परवानगी द्या, की दर पंधरा मिनिटांनी ताजा होणारा आलेख हजर. भगव्या पार्श्वभूमीवर मोठा आकडा झळकला, १४३. ग्रुपवर लिंक पडली, टाळ्यांचे इमोजी पडले.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकूंचा मला त्याच रात्री फोन आला.

"अगं, तू त्यातलीच ना? मला एक सांग, एकशे त्रेचाळीस म्हणजे पानं किती?"

"काकू, बघून सांगते तुम्हाला."

"बघ बाई. मागच्या वर्षी पावणेचारशे पानं उठली होती. एवढी माणसं काय इंडियाला गेली का?"

प्रश्न बरोबर होता. लुकर स्टुडिओला तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तो ओळी मोजतो. एक ओळ म्हणजे एक फॉर्म, आणि एक फॉर्म म्हणजे एक कुटुंब. १४३ घरं होती, माणसं नव्हेत. बेरीज करायला गेलं तर 'मोठी माणसं' हा रकाना बेरजेलाच तयार नाही, कारण काहींनी त्यात 'दोन + एक बाळ' असं लिहिलेलं, एकाने नुसतं 'चार' अक्षरी. एक जरी अक्षर आलं की तो अख्खा रकाना मजकूर समजला जाऊ शकतो. सगळं हाताने साफ केल्यावर बेरीज आली, मोठी २८१ आणि मुलं १०६. एकूण ३८७.

'अजून पाहुणे राहिले,' काकू म्हणाल्या. उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा, सासू-सासरे. ते मंडळाचे सभासद नाहीत, फॉर्ममध्ये त्यांचा रकाना नाही, आणि 'आई काय, चार घास खाईल' म्हणून मुलांनी त्यांना धरलेलंच नाही. काकूंनी आणि आणखी दोघींनी फोन करून विचारलं. ३१ निघाले. म्हणजे ४१८, हॉलच्या मर्यादेच्या वर. मग दोन पंक्ती ठरल्या, एक साडेबाराला आणि दुसरी दोनला. हे आदल्या दिवशी कळलं असतं तर दारात आजी-आजोबांना थांबवायची पाळी आली असती.

ॲलर्जीचा भाग याहून नाजूक होता. डॅशबोर्डवर त्याचा छान गोल आलेख होता. नट्स ४, दूध २, इतर ३. स्वयंपाक करणाऱ्याला या आलेखाचा उपयोग शून्य. ब्रिटनच्या नियमांत ज्या १४ ॲलर्जी सांगाव्या लागतात, त्यांत शेंगदाणे वेगळे आणि काजू-बदाम वगैरे नट्स वेगळे. आमच्या फॉर्ममध्ये दोन्हींना एकच शब्द. आता आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत. चौघांना फोन केले तेव्हा कळलं, तिघांना शेंगदाणा चालत नाही पण काजू चालतो, आणि एका मुलीला काजू चालत नाही पण शेंगदाणा चालतो. त्या मुलीसाठी कोशिंबीर सुरक्षित आणि काजू घातलेला शिरा धोक्याचा. गोल आलेखात हे चौघं एकाच रंगात रंगले होते.

आणि ही सगळी माहिती, मुलांच्या नावांसकट, 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी होती. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर पूर्ण तक्ता होता. इथे एक बारकावा आहे, जो फार लोकांना माहीत नसतो. लुकर स्टुडिओमध्ये रिपोर्ट बघणारा माणूस शीट कोणाच्या किल्लीने उघडतो, हे ठरवायचं असतं. मालकाची किल्ली ठेवली तर ज्याला मूळ शीट उघडायची परवानगी नाही, त्यालाही रिपोर्टमधून सगळं दिसतं. बघणाऱ्याची किल्ली ठेवली तर ज्याला शीट दिसते त्यालाच रिपोर्ट दिसतो. आमच्याकडे मालकाची किल्ली होती, आणि व्हॉट्सॲपवरून ती लिंक तोपर्यंत कुठे कुठे फिरली असेल याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. ब्रिटनच्या माहिती संरक्षणाच्या कायद्यात आरोग्याची माहिती विशेष काळजीच्या वर्गात येते. मंडळ छोटं असलं, हौशी असलं, तरी सुटका नाही.

सेक्रेटरी थोडे नाराज झाले. 'आपलीच माणसं आहेत सगळी,' असं त्यांचं म्हणणं. पण माणसं आपली असली तरी लिंक आपली राहत नाही. शेवटी वेगळी शीट केली, तिच्यात फक्त आकडे, आणि डॅशबोर्ड तिला जोडला. नावांची मूळ शीट तिघांपुरती ठेवली. ॲलर्जीची यादी कागदावर छापून काकूंच्या ओट्यावर चिकटवली, आणि कार्यक्रम संपल्यावर फाडून टाकली. सांगायला हरकत नाही, त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा 'रिपोर्ट' तो कागदच होता.

किल्लीचा हाच प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नसतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या एस-थ्री बादल्यांमधून अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. फायरवॉलची रचना चुकली होती, आणि त्या फायरवॉलला दिलेल्या अधिकारांत बादल्या उघडून वाचण्याचाही अधिकार होता, जो त्याला लागत नव्हता. पुढच्या वर्षी बँकेला आठ कोटी डॉलर दंड झाला. ॲमेझॉनने २०२३ च्या एप्रिलपासून प्रत्येक नवी बादली आपोआप जगासाठी बंद ठेवायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण डॅशबोर्ड जोडायला बसलेला घाईतला माणूस 'सगळ्याची परवानगी देऊन टाक, नंतर कमी करू' असंच म्हणतो. ते 'नंतर' मी अजून कुठल्याही कंपनीत पाहिलेलं नाही.

राहता राहिली एक अडचण, जी खास आपल्यासारख्यांची आहे. मंडळाची फॉर्म-शीट-डॅशबोर्डची साखळी ज्याच्या वैयक्तिक खात्यावर असते, तो माणूस कधीतरी हलतो. कोणाचा प्रोजेक्ट संपतो, कोणी कॅनडाला जातो, कोणी आई-वडिलांसाठी पुण्याला परत. वर्षभराने खातं बंद होतं किंवा पासवर्ड विसरला जातो, आणि त्याच्याबरोबर सभासदांची यादीही जाते. एका मंडळात खजिनदार भारतात परतल्यावर तीन वर्षांच्या देणग्यांच्या नोंदी उघडायला रात्री अकराला सांगलीहून ओटीपी मागवावा लागला होता, तिकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन. ओटीपी ज्या फोनवर यायचा तो वडिलांच्या उशाशी होता, आणि त्यांना तो वाचून दाखवायला चष्मा सापडत नव्हता.

आमच्या मंडळाने आता मंडळाच्याच नावाचं खातं काढलंय. दोन पदाधिकाऱ्यांकडे त्याची चावी, नवी कमिटी आली की पासवर्ड बदलायचा, आणि मुलांच्या नावांची शीट कार्यक्रमानंतर महिन्याभरात पुसायची, असं सभेत ठरलं. फॉर्ममध्ये आकड्यांच्या रकान्यात आता आकडाच टाकता येतो, आणि शेंगदाणे व काजू-बदाम यांच्या दोन वेगळ्या चौकटी आहेत. फॉर्म बाहेर पडण्याआधी काकूंना दाखवायचा, हेही इतिवृत्तात लिहून ठेवलंय.